लोटेचे डोळे कोणत्या रंगाचे होते?

२५ सप्टेंबर १८१६ रोजी जर्मनीतल्या वायमार गावी एका मोठ्या घरात दुपारच्या जेवणाला पाहुणे आले होते. यजमान ६७ वर्षांचे. दरबारात मंत्रिपद, युरोपभर कीर्ती, आणि जूनमध्येच बायको गेलेली. पाहुण्यांमध्ये हनोव्हरच्या ६३ वर्षांच्या एक विधवा बाई होत्या, १२ मुलांची आई. बहिणीला भेटायला म्हणून त्या वायमारला आल्या होत्या. यजमान म्हणजे महाकवी गटे. बाईंचं नाव शार्लोट केस्टनर, माहेरची लोटे बुफ.

या दोघांची पहिली भेट ४४ वर्षांपूर्वीची. १७७२ च्या जूनमध्ये वेट्झलारजवळच्या एका खेड्यात नाचाचा कार्यक्रम होता, तिथे ते भेटले. तो २२ वर्षांचा, वेट्झलारच्या न्यायालयात उमेदवारी करायला आलेला. ती १९ वर्षांची, आई वारल्यावर धाकट्या भावंडांचं सगळं बघणारी, आणि केस्टनर नावाच्या सरळमार्गी गृहस्थाशी लग्न ठरलेली. उन्हाळाभर गटे त्यांच्याकडे पडीक होता. सप्टेंबरात समोरासमोर निरोपही न घेता तो गाव सोडून गेला, आणि १७७४ मध्ये त्याची ‘तरुण वेर्थरची दुःखं’ ही कादंबरी आली. तिनं युरोपच्या तरुणाईला वेड लावलं. पोरं वेर्थरसारखा निळा कोट आणि पिवळं जाकीट घालून हिंडू लागली. कादंबरीतल्या नायिकेचं नावही लोटेच होतं, त्यामुळे खऱ्या लोटेला आयुष्यभर तिची सावली होऊन राहावं लागलं.

मग त्या जेवणाच्या वेळी काय झालं? फारसं काही नाही. गटेनं त्या दिवशीच्या डायरीत जेवायला कोण कोण होतं एवढंच टिपून ठेवलं. बाईंनी मुलाला पत्र लिहिलं, त्यात त्या जास्त मोकळ्या झाल्या. एका म्हाताऱ्या गृहस्थांची नव्यानं ओळख झाली, ते गटे आहेत हे ठाऊक नसतं तर त्यांच्याबद्दल काही बरं वाटलं नसतं आणि ठाऊक असूनही वाटलं नाही, असा त्या पत्राचा सूर आहे. या फसलेल्या भेटीवर थॉमस मान यांनी १९३९ मध्ये अख्खी कादंबरी लिहिली.

गटेचं हे काही पहिलं प्रेम नव्हे, असं त्याचे चरित्रकार लगेच सांगतील. आधी लाइपझिगमध्ये एक आणि झेझेनहाइममध्ये एक, अशी प्रकरणं होऊन गेली होती. ते खरंच आहे. पण लोटे भेटली तेव्हा तो २२ वर्षांचा होता, आणि पहिल्या प्रेमाची आठवण का टिकते हे बघायला ते वय पुरेसं आहे. कारण मेंदूच्या हिशेबात त्या वयाची गंमतच वेगळी आहे.

ती गंमत कशी उघडकीला आली ते पाहा. १८७९ मध्ये फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज संशोधकानं स्वतःवरच एक प्रयोग केला. ७५ शब्द वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहिले. एकेक चिठ्ठी पुस्तकाखाली अर्धवट दडवायची, झुकून शब्द वाचायचा, आणि मनात काय काय येतं ते हातातल्या घड्याळावर वेळ मोजत टिपायचं. असं त्यानं साधारण महिन्या-महिन्याच्या अंतरानं चार वेळा केलं. गॉल्टन तेव्हा ५७ वर्षांचा होता. मनात आलेल्या ज्या कल्पनांचा काळ त्याला ठरवता आला, त्यातल्या जवळजवळ ४० टक्के बालपणाच्या आणि कोवळ्या तारुण्याच्या निघाल्या. अलीकडच्या जेमतेम १५ टक्के. प्रवास, ग्रंथ, मानसन्मान सगळं पदरी पडलेला माणूस, आणि मन वळतं कुठे, तर मिसरूड फुटण्याच्या सुमाराला.

पुढे जवळपास शंभर वर्षांनी ही चाचणी पुन्हा वापरात आली. डेव्हिड रुबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये अशा अनेक चाचण्यांची आकडेवारी एकत्र मांडली. पन्नाशी-साठी ओलांडलेल्या माणसांच्या आठवणी वयानुसार मांडल्या की आलेखात पहिली तीन-चार वर्षं कोरी दिसतात. अलीकडची वर्षं भरगच्च असतात, ते साहजिक आहे. मधला काळ उतरता. पण साधारण १० ते ३० या वयात आलेख सगळे नियम मोडून वर उसळतो. घरात कुणी साठीचं असेल तर करून बघा. ‘सायकल’, ‘पाऊस’, ‘चप्पल’ असा एखादा साधा शब्द द्या आणि त्यावरून आठवेल तो पहिला प्रसंग विचारा. मग तेव्हा वय काय होतं, ते विचारा. ‘चप्पल’वरून कॉलेजच्या गॅदरिंगपर्यंत माणसं किती झटकन पोचतात!

असं का होतं? त्या वयात मेंदू ताजातवाना असतो म्हणून, असं एक उत्तर. त्या वयात सगळंच पहिल्यांदा घडतं म्हणून, हे दुसरं. मला ही दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात, आणि तसं वाटायला बांगलादेशातला एक अभ्यास कारण आहे. मार्टिन कॉनवे आणि शमसुल हक यांनी १९९९ मध्ये तो प्रसिद्ध केला. तिथल्या वयस्क माणसांच्या आठवणींत नेहमीचा उंचवटा होताच, पण ३५ ते ५५ या वयात आणखी एक उंचवटा दिसला. तो मुक्तिसंग्रामाच्या काळाचा. त्याच्या आदल्या वर्षीचं म्हणजे १९९८ चं एक संशोधन अमेरिकेत येऊन स्थायिक झालेल्या स्पॅनिशभाषक माणसांवर होतं. जे पस्तिशीच्या सुमाराला देश सोडून आले, त्यांचा उंचवटाही त्या वयाकडे सरकलेला होता. तारुण्यात आठवणी दाटतात त्या केवळ तारुण्यामुळे नाही. ‘मी म्हणजे कोण’ याचा पाया जेव्हा घातला जातो किंवा उखडला जातो, तेव्हाचं सगळं मेंदू जपून ठेवतो. न्यू जर्सीत चाळिशीच्या उंबरठ्यावर जाऊन बिऱ्हाड थाटलेल्या एखाद्या मराठी काकांना पहिल्या हिवाळ्याबद्दल विचारून बघा. पहिल्या बर्फाचं वर्णन ते कॉलेजच्या कट्ट्याइतक्याच तपशिलानं करतात की नाही, ते ऐकण्यासारखं असेल.

पहिलं प्रेम बहुतेकांच्या बाबतीत नेमकं या पायाभरणीच्या वेळी येऊन ठेपतं. आपण कोण, हे ठरायचं असतं, आणि तेवढ्यात दुसरं कुणीतरी आपल्याकडे बघून हसतं. त्यात रसायनांची भर पडते ती निराळीच.

प्रेमात नव्यानं पडलेली १७ माणसं आर्थर एरन, हेलन फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूचं चित्रण करणाऱ्या यंत्रात झोपवली आणि त्यांना त्या व्यक्तीचा फोटो दाखवला. हे संशोधन २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. मध्यमेंदूतला जो छोटासा भाग डोपामिन तयार करतो आणि हवं ते मिळवायला आपल्याला पळायला लावतो, तोच चेतला. प्रेम म्हणजे भावना, असं आपण म्हणतो. यंत्रात दिसलं ते तहानेच्या जास्त जवळचं होतं. त्याआधी १९९९ मध्ये इटलीतल्या पिसा इथे डोनातेल्ला माराझ्झिती यांनी नुकत्याच प्रेमात पडलेल्या २० जणांचं रक्त तपासलं होतं. सेरोटोनिनच्या वाहतुकीशी संबंधित एक मोजमाप त्यांच्यात कमी भरलं. तेच मोजमाप मंत्रचळाच्या रुग्णांतही तेवढंच कमी होतं, म्हणजे दाराची कडी पंधरा वेळा तपासणाऱ्यांमध्ये. त्यातल्या काही प्रेमिकांना वर्ष-दीड वर्षानं पुन्हा बोलावलं तेव्हा आकडा मूळ पदावर आलेला होता. ‘तिनं वळून पाहिलं, पण माझ्याकडेच पाहिलं का?’ हा प्रश्न रात्रभर का पिडतो, याची थोडी कल्पना यावरून येते.

आणि भीती! मूत्रपिंडांवर बसलेल्या ग्रंथी घाबरल्या क्षणी अॅड्रेनलिन सोडतात. त्याचा निरोप मेंदूतल्या अमिग्डलापर्यंत पोचतो, आणि अमिग्डला शेजारच्या हिप्पोकॅम्पसला जणू ताकीदच देते: हे पक्कं लिहून ठेव. १९९४ मध्ये जेम्स मॅगॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे उलट बाजूनं तपासलं. अॅड्रेनलिनची क्रिया रोखणारं प्रोप्रॅनोलॉल हे औषध काही लोकांना दिलं आणि एका मुलाच्या अपघाताची गोष्ट चित्रांसह सांगितली. आठवड्यानं विचारलं, तर गोष्टीतला काळजाला भिडणारा भागही त्यांना इतर भागांहून जास्त आठवत नव्हता. ज्यांनी औषध घेतलं नव्हतं, त्यांना तोच भाग सर्वांत लख्ख आठवत होता.

आता आपल्याकडचं पहिलं प्रेम आठवा. एसटी स्टँडमागची गल्ली, लायब्ररीच्या पुस्तकात घडी करून ठेवलेली चिठ्ठी, आणि समोरून येणारे तिच्या वडिलांच्या ऑफिसातले ओळखीचे कुणीतरी. अंगाला दरदरून घाम. अमिग्डलाला हा घाम प्रेमाचा की मार बसण्याच्या भीतीचा, याच्याशी कर्तव्य नसतं. माझा आपला अंदाज आहे की मराठी गावांतल्या पहिल्या प्रेमाच्या आठवणी इतक्या टिकाऊ असण्यात त्या मुलीइतकाच तिच्या वडिलांचाही हात असावा.

साठवण झाली, आता परत येण्याचं बघू. जुनं काही आठवायला वासासारखी दुसरी वाट नाही, असं सगळेच म्हणतात. मोगरा, कोरा कागद, पहिल्या पावसाची माती. पण २००६ मध्ये स्वीडनमधल्या यूहान विलांडर आणि मारिया लार्सन यांनी वयस्क माणसांना वास, शब्द आणि चित्रं देऊन तपासलं, तेव्हा एक मजेशीर गोष्ट निघाली. शब्दांनी आणि चित्रांनी जाग्या झालेल्या आठवणी ११ ते २० या वयाच्या होत्या. वासानं जाग्या झालेल्या मात्र पहिल्या दहा वर्षांतल्या. वास आपल्याला ती भेटण्याच्या आधीच्या काळात, आजीच्या फडताळापाशी नेऊन सोडतो. प्रेमापर्यंत पोचवण्याचं काम गाणं जास्त चोख करतं.

हे कालिदासाला पक्कं माहीत होतं. शाकुंतलाच्या पाचव्या अंकाच्या सुरुवातीला दुष्यंत राजवाड्यात बसलेला आहे. दुर्वासांच्या शापामुळे शकुंतला त्याच्या मनातून पूर्ण पुसली गेली आहे. आतून हंसपदिकेचं गाणं ऐकू येतं, आणि राजा एकाएकी बेचैन होतो. जवळचं कुणी दुरावलेलं नाही, मग हे काय होतंय, त्याला कळत नाही. सुंदर काही पाहिलं किंवा गोड काही ऐकलं की सुखात असलेलं मनही कासावीस होतं, कारण त्याला नकळत मागच्या जन्मीच्या जिव्हाळ्यांची आठवण होत असते, असा अर्थ तो लावतो. प्रसंग हरवलेला, नाव हरवलेलं, चेहरा हरवलेला, आणि हुरहूर तेवढी जागच्या जागी! मानसशास्त्राच्या पुस्तकात घालावं असं हे निरीक्षण आहे, आणि ते दीड हजार वर्षांपूर्वीचं आहे. गटेनंही जर्मन अनुवादातून शाकुंतल वाचलं होतं आणि तो त्यावर लुब्ध होता. आपल्याकडे अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये ते संगीत नाटक म्हणून उभं केलं, गॉल्टनच्या चिठ्ठ्यांनंतर अवघ्या वर्षभरानं. २००९ मध्ये पेत्र यानाता यांनी तरुणांना त्यांच्या वाढत्या वयातली गाणी ऐकवून मेंदूचं चित्रण केलं. गाणं ओळखीचं आणि आठवणीत गुंतलेलं असेल तेव्हा कपाळामागचा मधला भाग चेतत होता. अल्झायमरमध्ये हा भाग तुलनेनं उशिरा झिजतो. नातवंडांची नावं विसरलेली माणसं गाण्याची पहिली ओळ ऐकून पुढचं सगळं कडवं म्हणतात, ते बहुधा याच्या जोरावर.

मला सर्वांत जास्त थक्क करणारी गोष्ट आता येते. वाचता वाचता थांबा आणि ती जुनी भेट एकदा डोळ्यांसमोर आणा. जिना, फाटक, सायकलस्टँड, जे काही असेल ते. तुम्हाला समोरची व्यक्ती दिसते आहे, की तिच्याशी बोलत उभे असलेले तुम्हीही दिसताय? खूप जणांना स्वतःही दिसतात, बाजूनं किंवा जरा वरून. हे कसं शक्य आहे? तुम्ही तेव्हा स्वतःला पाहिलेलंच नव्हतं. जॉर्जिया निग्रो आणि उल्रिक नायसर यांनी १९८३ मध्ये हे नोंदवलं: ताज्या आठवणी आपण आपल्याच डोळ्यांनी पाहतो आणि जुन्या आठवणींत बऱ्याचदा प्रेक्षक होतो. म्हणजे कोणत्याही डोळ्यानं कधीही न टिपलेलं दृश्य मेंदूनं स्वतः रचलेलं असतं, आणि आपण ते शपथेवर खरं मानतो.

हे रचणं होतं तरी कधी? करीम नाडर यांनी २००० साली उंदरांवर केलेल्या प्रयोगानं एक धक्कादायक उत्तर दिलं. उंदरांच्या मनात एका विशिष्ट आवाजाची भीती पक्की बसवलेली होती. तो आवाज ऐकवून आठवण जागी केली आणि लगेच अमिग्डलात प्रथिनं तयार होणं थांबवणारं औषध सोडलं, तर पक्की झालेली भीतीही निघून गेली. आठवण जागी न करता तेच औषध दिलं, तर भीती शाबूत. आठवण वर आली की काही काळ ती ओली असते आणि तिला नव्यानं साठवावं लागतं, असा याचा अर्थ. माणसांत हे नेमकं किती आणि केव्हा घडतं यावर अजून वाद झडतात. पण २०१२ मध्ये डॉना ब्रिज आणि केन पॅलर यांनी माणसांवर एक साधी चाचणी केली. पडद्यावर कोणती वस्तू कुठे होती हे त्यांना लागोपाठच्या दिवशी आठवायला लावलं, तर तिसऱ्या वेळची चूक मूळ जागेपेक्षा दुसऱ्या वेळच्या चुकीकडे झुकलेली होती. आपण आठवतो तो प्रसंग कमी आणि मागच्या खेपेचं आठवणं जास्त असतं.

पहिलं प्रेम माणूस हजार वेळा आठवतो. त्यामुळे ते पक्कंही होत जातं आणि बदलतही जातं, दोन्ही एकाच वेळी. सर्वांत लाडकी आठवण ही सर्वांत जास्त हाताळलेली आठवण असते.

गेल्या दिवाळीत आमच्या दहावीच्या बॅचचं गेट-टुगेदर झालं. मिसळ, मग भाषणं, मग खरं बोलणं. बँकेतून निवृत्तीला आलेला एक मित्र धीर करून वर्गातल्या एकीला म्हणाला, “अगं, तुझ्या त्या लाल रिबिनी! शेवटच्या बाकावरून मला तेवढंच दिसायचं.” सगळ्यांनी ओरडून घेतलं. ती शांतपणे म्हणाली, “रिबिनी? अरे, मला नववीत टायफॉइड झाला होता. आईनं केस कापून टाकले. दहावीला माझा बॉबकट होता.” कुणीतरी मोबाइलमध्ये वर्गाचा फोटो शोधून काढला. काळा-पांढरा, पुढच्या रांगेत पाटी, पाटीवर खडूनं वर्ष. दुसऱ्या रांगेत ती, बॉबकटसकट. मित्रानं फोटो मोठा करून पाहिला, पाटी वाचली, आणि म्हणाला, “पाटी चुकली असणार.” त्या रिबिनी मग कुणाच्या, यावर चहा गार होईपर्यंत चर्चा चालली. निकाल लागला नाही.

गटेच्या लोटेचे डोळे निळे होते. कादंबरीतल्या लोटेचे काळे आहेत. वेट्झलार सोडल्यावर काही दिवसांतच त्याला माक्सिमिलियाने फॉन ला रोश नावाची तरुणी भेटली होती, आणि काळे डोळे तिचे. पुढे तिनं फ्रँकफुर्टच्या एका व्यापाऱ्याशी लग्न केलं, गटे त्या घरीही वारंवार जाऊ लागला आणि नवरा वैतागला. कादंबरी लिहिताना एकीचं नाव, भावंडांना पाव कापून देणारे तिचे हात, आणि त्यांच्यावर दुसरीचे डोळे. केस्टनर नवरा-बायकोंना पुस्तक वाचून वाईट वाटलं होतं. गटेनं हे समजून-उमजून केलं, तो कादंबरीकार होता. बाकीचे लोक तेच नकळत करतात आणि त्याला कादंबरी म्हणत नाहीत, एवढाच फरक. १८१६ साली जेवायला बसलेल्या बाईंकडे गटे पाहत होता तेव्हा त्याच्या मनात कोणते डोळे होते, कोण जाणे.

बदल कोणत्या दिशेनं होतो, हेही थोडंफार कळलं आहे. प्रसंग सुखाचा असो की दुःखाचा, भावनेची धार काळानुसार बोथट होते. पण दुःखाची जास्त लवकर होते. डब्ल्यू. रिचर्ड वॉकर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये या विषयावरचे निष्कर्ष एकत्र मांडले. मन खिन्न असणाऱ्यांमध्ये मात्र हा फरक कमी दिसतो. एरवी, ज्या नकारानं माणूस दोन दिवस जेवला नव्हता, तो तीस वर्षांनी मित्रांमध्ये विनोद म्हणून सांगता येतो. अपमान निघून जातो, संध्याकाळ तेवढी उरते.

पहिलं प्रेम अर्धवट राहिलं म्हणूनच आठवत राहतं, अशी एक लोकप्रिय समजूत आहे. तिच्या मागे ब्लूमा झायगार्निक यांचं १९२७ चं संशोधन उभं केलं जातं: अपुरी राहिलेली कामं पुऱ्या झालेल्या कामांहून जास्त लक्षात राहतात. ऐकायला छान. पण पुढच्या अनेक प्रयोगांत तसं सापडलेलं नाही, आणि कोडी सोडवण्यावरून काढलेला निष्कर्ष प्रेमाला लावणं मला तरी ओढूनताणून वाटतं. ज्यांचं पहिलं प्रेम पुरं झालं, लग्न होऊन तीस वर्षं संसार झाला, त्यांनाही तो सायकलस्टँड आठवतोच. फक्त तो आठवायला त्यांना वेळ कमी मिळतो, कारण भाजी आणायची असते.

या सगळ्यात मला सर्वांत आवडलेला शोध २०१३ चा आहे, आणि त्यात प्रेमाचा उल्लेखसुद्धा नाही. कॅरोल क्रुमहान्सल आणि जस्टिन झुपनिक यांनी अमेरिकेतल्या विशीतल्या मुलामुलींना १९५५ ते २००९ या काळातली लोकप्रिय गाणी ऐकवली. स्वतःच्या काळातली गाणी त्यांच्या मनात घर करून होती, हे अपेक्षितच होतं. पण १९८० च्या सुमाराची गाणी ऐकतानाही त्यांच्या ओळखीत आणि भावनेत एक उंचवटा आला. तेव्हा ही मुलं जन्मालाही आली नव्हती. त्यांचे आईवडील तेव्हा विशीत होते. आईवडिलांच्या तारुण्यातली गाणी घरात वाजत राहिली आणि मुलांच्या आठवणींत आपली म्हणून शिरली. आपल्याकडे असा अभ्यास करायला काहीच हरकत नाही. भाजी निवडताना आई कुठलं गाणं गुणगुणते ते लक्षात ठेवा, आणि ते पहिल्यांदा कुणाच्या रेडिओवर ऐकलं होतं हे तिला विचारा. बाबा बाहेर गेले असतील तेव्हा विचारलेलं बरं.